पाळी कोणाची: घागरीची की बिऱ्हाडाची?

जुन्या वाड्यात एका नळावर सहा-सहा बिऱ्हाडे पाणी भरीत, त्या वेळी पाळीचा प्रश्न दोन रीतींनी सुटत असे. एका रीतीत घागरींची रांग लागे. जी घागर पुढे, तिची पाळी आधी. ही रीत दिसावयास अगदी न्याय्य. परंतु ज्या बिऱ्हाडापाशी दहा घागरी, ते रांगेत दहा जागा अडवी, आणि एकट्या राहणाऱ्या आजीबाईंची एकुलती एक घागर त्या दहांच्या मागे तिष्ठत बसे. दुसऱ्या रीतीत पाळी घागरीला नसून बिऱ्हाडाला असे. प्रत्येक बिऱ्हाडास पंधरा मिनिटे. तेवढ्या वेळात त्यांनी एक हंडा भरावा की दहा तांबे, हा ज्याच्या त्याच्या घरचा प्रश्न. पाणी तेच, नळ तोच, माणसेही तीच. फक्त पाळी कशाला द्यावयाची एवढे बदलले, की वाड्यातील न्याय बदलला.

संगणकाच्या पोटात हाच तंटा दर क्षणाला चालू असतो, आणि तो कसा मिटवितात हे सांगण्याचा आमचा आजचा उद्देश आहे. विषयाचे शास्त्रीय नाव थोडे अवजड आहे: थ्रेडच्या गटाचे पाळीविषयक गुणधर्म वाचणे व ठरविणे. नावाने कोणी बिचकू नये. नळाची गोष्ट ज्याला समजली त्याला यातील निम्मा भाग समजलाच आहे. उरलेल्या निम्म्यासाठी दोन-तीन शब्दांची ओळख करून घ्यावी लागेल.

प्रोसेसर हा आपला नळ. त्याच्या एका कोअरवर, ढोबळमानाने बोलावयाचे तर, एका वेळी एकच काम चालते. बऱ्याच मोबाइलमध्ये असे आठ कोअर असतात आणि कामे मात्र शेकड्यांनी वाट पाहत असतात. चालू असलेल्या प्रत्येक कार्यक्रमास प्रोसेस म्हणतात. हे झाले बिऱ्हाड. एका प्रोसेसमध्ये एकाच वेळी अनेक कामे स्वतंत्रपणे पुढे सरकू शकतात. अशा प्रत्येक कामास थ्रेड, म्हणजे धागा, म्हणतात. एकाच प्रोसेसचे सर्व थ्रेड एकच स्मृती वापरतात, जसे एका घरातील माणसे एकच स्वयंपाकघर वापरतात. लिनक्समध्ये अशा थ्रेडच्या समुदायाला थ्रेड ग्रुप असेच नाव आहे. त्याहून मोठी कुळेही असतात: अनेक प्रोसेस मिळून प्रोसेस ग्रुप, अनेक ग्रुप मिळून एक सेशन, आणि या सर्वांना हवे तसे कोंडाळ्यात बसविणारा कंट्रोल ग्रुप. पाळी लावण्याचे काम ज्याच्याकडे, तो शेड्यूलर. तो ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, म्हणजे कर्नेलमध्ये बसलेला असतो. प्रत्येक थ्रेडच्या नावापुढे त्याच्या वहीत काही नोंदी असतात: हा कोणत्या पद्धतीने रांगेत उभा आहे, याचा अग्रक्रम किती, वाटा किती, हा कोणत्या गटातला. या नोंदी म्हणजेच ते गुणधर्म.

कार्यक्रम लिहिणाऱ्यास या वहीसंबंधी दोनच क्रियापदे मिळालेली आहेत: ‘गेट’, म्हणजे काय लिहिले आहे ते विचारा, आणि ‘सेट’, म्हणजे नवे लिहा. आमचा अनुभव असा, की पुस्तके दुसऱ्या क्रियापदावर पानेच्या पाने खर्ची घालतात आणि पहिल्याची दोन ओळींत बोळवण करतात. विचारण्यात काय मोठेसे आहे, असा समज. वस्तुतः या क्षेत्रातील नावाजलेले घोटाळे पाहिले तर त्यांतील बहुतेक न विचारल्यामुळे, किंवा भलत्याच ठिकाणी विचारल्यामुळे झालेले आहेत. आम्ही आज जे सांगणार आहो त्याचा रोख या दुर्लक्षित क्रियापदाकडे आहे.

पाळीची कल्पना संगणकात आली ती १९६१ साली. त्यापूर्वी लोक आपापली पंच केलेल्या कार्डांची गठ्ठी यंत्राच्या स्वाधीन करून घरी जात आणि उत्तरासाठी दुसऱ्या दिवशी येत. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत फर्नांडो कॉर्बाटो व त्यांचे सहकारी यांनी त्या वर्षी नोव्हेंबरमध्ये एकाच यंत्रावर अनेक माणसे एकाच वेळी बसून काम करू शकतात हे दाखवून दिले. त्यांची युक्ती अशी होती: रांगा एक नसून अनेक ठेवावयाच्या. लहान काम वरच्या रांगेत. त्याला पाळी लवकर, पण थोड्या वेळाची. तेवढ्यात ते संपले नाही तर ते खालच्या रांगेत उतरे; तेथे पाळी उशिरा येई, पण येई तेव्हा दुप्पट वेळाची. एक ओळ टंकून उत्तराची वाट पाहणाऱ्या माणसाला यंत्र आपल्याकडेच लक्ष देऊन आहे असे वाटे आणि रात्रभर चालणारी आकडेमोडही अडत नसे. या व अशाच कामगिरीबद्दल कॉर्बाटो यांना पुढे १९९० सालचे ट्युरिंग पारितोषिक मिळाले.

अग्रक्रमाच्या रांगांत एक जुना दोष मात्र लपलेला असतो. वरच्या रांगेत सतत कोणी ना कोणी येत राहिले तर खालचा उपाशी राहतो. पाठ्यपुस्तकांत एक दंतकथा सांगतात, की एमआयटीमधील आयबीएम ७०९४ हे यंत्र १९७३ साली कायमचे बंद केले तेव्हा १९६७ साली दाखल झालेले एक कनिष्ठ अग्रक्रमाचे काम अजून रांगेतच सापडले. खरेखोटे त्या यंत्रालाच ठाऊक. सरकारी कचेऱ्यांशी ज्यांचा संबंध आला आहे त्यांना ही कथा अशक्य वाटू नये.

पुढे युनिक्स नावाच्या व्यवस्थेत अग्रक्रमाला एक मोठे गोड नाव मिळाले: ‘नाइस’, म्हणजे सौजन्य. ज्याचे सौजन्य अधिक तो दुसऱ्यांना आधी जाऊ देतो. लिनक्समध्ये हा आकडा उणे २० पासून १९ पर्यंत असतो आणि कोणी काही न सांगितल्यास शून्य धरतात. आकडा मोठा तितका वाटा लहान, हे उलटे गणित प्रथम चमत्कारिक वाटते. परंतु शब्दाचा अर्थ ध्यानात ठेवला म्हणजे गोंधळ होत नाही. शून्य सौजन्याच्या थ्रेडचे वजन १०२४ धरले आहे. एकेक पायरी उतरताना वजन सुमारे सव्वापटीने घटते: एकला ८२०, पाचला ३३५, आणि एकोणीसला अवघे १५. उलट बाजूस उणे २० चे वजन ८८,७६१. एका कोअरवर शून्याचा एक व पाचाचा एक असे दोनच थ्रेड भांडत असतील तर पहिल्यास सुमारे पाऊण वेळ व दुसऱ्यास पाव वेळ मिळेल. पाचाच्या जागी एकोणीस असेल तर त्याच्या पदरी शंभरात दीड भागही पडत नाही. मात्र नळावर दुसरे कोणी नसेल तेव्हा एकोणीसवाल्यानेही पोटभर पाणी घ्यावे. त्याला कोणी अडवीत नाही.

येथे विचारणे आणि ठरविणे या दोहोंच्या अधिकारांत केलेला भेद पाहण्यासारखा आहे. दुसऱ्याचा आकडा किती हे सहसा कोणालाही विचारता येते. बदलण्याचे तसे नाही. सामान्य वापरकर्त्याने स्वतःचे सौजन्य वाढवावे, त्यास मोकळीक आहे. परंतु एकदा वाढविलेले सौजन्य परत कमी करावयाचे तर विशेष अधिकार किंवा व्यवस्थापकाने आगाऊ दिलेली सवलत लागते. म्हणजे नम्र होणे फुकट, उर्मट होण्यास परवाना. हा नियम ज्याने केला त्याला मनुष्यस्वभावाची चांगली पारख असली पाहिजे.

आता गटाकडे वळू. युनिक्सच्या परंपरेत ‘गेटप्रायॉरिटी’ व ‘सेटप्रायॉरिटी’ अशा दोन हाका आहेत. त्या एका प्रोसेससाठी मारता येतात, एका संपूर्ण प्रोसेस ग्रुपसाठी मारता येतात, किंवा एका वापरकर्त्याच्या झाडून सर्व प्रोसेसिससाठी मारता येतात. गटाला एकच आकडा विचारला, आणि गटातील माणसे निरनिराळ्या स्वभावाची असली, तर उत्तर कोणते यावे? सरासरी? नाही. नियम असा आहे, की गटातील सर्वांत लहान आकडा, म्हणजे सर्वांत कमी सौजन्य असलेल्याचा आकडा, सांगावयाचा. घरात नऊ गरीब स्वभावाची माणसे आणि एक तापट असला तर घराची ओळख त्या एकावरून ठरते, त्यातलाच प्रकार. उलट ठरविताना मात्र गटातील प्रत्येकास एकच आकडा लागू होतो.

या दोन नियमांच्या जोडीतून एक सूक्ष्म सापळा निर्माण होतो. समजा, एका गटात दोन प्रोसेस आहेत. एकीचा आकडा शून्य, दुसरीचा दहा. आपण गटाला विचारले. उत्तर आले शून्य. तोच शून्य आपण गटाला परत लिहिला. व्यवहारात कोणीही म्हणेल, की जे होते तेच लिहिले, बिघडले काय? परंतु अधिकार असल्यास दहावाली शून्यावर चढून बसते आणि गटाची मूळ घडी मोडते. अधिकार नसल्यास तिच्यापुरती चूक परत येते. एका तोंडाने दिलेले उत्तर दहा तोंडांचे मानले, त्याचा हा परिणाम. आणखी एक गंमत अशी, की बहुतेक हाकांत उणे एक हे उत्तर ‘काम फसले’ अशा अर्थाने येते. येथे मात्र उणे एक हा खरोखरीचा आकडाही असू शकतो. म्हणून विचारणाऱ्याने आधी चुकीची पाटी कोरी करून ठेवावी आणि उत्तर आल्यावर तिच्यावर काही उमटले आहे का ते पाहावे. लिनक्सच्या कर्नेलने तर आतल्या आत ही भानगडच नको म्हणून १ ते ४० असे आकडे वापरले आणि त्यांचे परत भाषांतर करण्याचे काम वरच्या लायब्ररीवर सोपविले.

तिसरी गोष्ट थोडी वादाची आहे. पॉझिक्स या प्रमाणग्रंथाचे म्हणणे असे, की सौजन्य हा संपूर्ण प्रोसेसचा गुण आहे. घरातील एकाचा बदलला म्हणजे सर्वांचा बदलला. लिनक्सने हे मानलेले नाही. तेथे प्रत्येक थ्रेडचे सौजन्य वेगळे. तेव्हा प्रमाणग्रंथ वाचून आलेला मनुष्य लिनक्सवर एक आकडा लिहितो, सारे बिऱ्हाड नम्र झाले असे समजतो, आणि प्रत्यक्षात एकच थ्रेड नम्र झालेला असतो. आधी जन्मलेले बाकीचे पूर्वीप्रमाणेच रांगेत मुसंडी मारीत राहतात. एकेका थ्रेडला वेगळे विचारून पाहिल्याशिवाय हे कळावयास मार्ग नाही.

१९९५ साली थ्रेडचा स्वतंत्र प्रमाणग्रंथ आला. त्यात नवा थ्रेड जन्माला घालण्यापूर्वी एक कोरा अर्ज भरण्याची सोय आहे. पाळीची पद्धत कोणती, अग्रक्रम किती, हे त्यावर लिहावयाचे. पद्धती मुख्यतः तीन: सर्वसाधारण वाटणीची, आला तो आधी व स्वतः होऊन उठेपर्यंत हलणार नाही अशी, आणि सारख्या अग्रक्रमाच्या मंडळींनी ठराविक वेळाने आळीपाळीने बसावे अशी. शेवटच्या दोन्ही निकडीच्या कामांसाठी असून लिनक्समध्ये त्यांचा अग्रक्रम १ ते ९९ असतो, आणि येथे मोठा आकडा म्हणजे मोठा मान. (सौजन्याच्या अगदी उलट. या शास्त्रात सुसंगतीची फार अपेक्षा ठेवू नये.) परंतु त्याच अर्जावर आणखी एक रकाना असतो: हे सारे अर्जातून घ्यावयाचे, की जन्म देणाऱ्या थ्रेडकडून वारशाने घ्यावयाचे? लिनक्सवरील नेहमीच्या लायब्ररीत न सांगितल्यास वारसा असाच अर्थ धरतात. हा रकाना न बदलता कोणी निकडीचा अग्रक्रम भरला, तर अर्ज स्वीकारला जातो, थ्रेड जन्मतो, कोणी तक्रार करीत नाही, आणि भरलेला अग्रक्रम मात्र वाऱ्यावर जातो.

यावर कोणी म्हणेल, की मग विचारून पाहावे. अवश्य, पण कोणाला? अर्जाला विचारले तर तो आपण लिहिलेलेच आपल्याला मोठ्या इमानाने परत वाचून दाखवितो. चालू असलेल्या थ्रेडला विचारण्याची हाक निराळी आहे, आणि वहीत खरोखर काय नोंदले गेले ते तीच सांगते. अर्जाची नक्कल आणि कचेरीतील नोंद यांतील अंतर आपल्याकडे जमिनीच्या सात-बाराशी झगडलेल्या कोणासही समजावून सांगण्याची गरज नाही.

येथवरचे नुकसान फार तर एखाद्या कार्यक्रमाच्या मंदपणाचे. १९९७ साली मात्र असाच एक न विचारलेला रकाना पृथ्वीपासून कोट्यवधी मैलांवर उघडकीस आला. अमेरिकेच्या नासा या संस्थेचे ‘मार्स पाथफाइंडर’ हे यान डिसेंबर १९९६ मध्ये निघून ४ जुलै १९९७ रोजी मंगळावर उतरले. सोबत ‘सोजर्नर’ नावाची सहा चाकांची छोटी गाडी होती. छायाचित्रे येऊ लागली, जगभर आनंदीआनंद झाला, आणि काही दिवसांतच यानावरील संगणक मधूनच आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होऊ लागला. गोळा झालेली माहिती नष्ट होत नसे. परंतु त्या दिवसाची उरलेली कामे दुसऱ्या दिवसावर पडत, आणि अशा मोहिमेत प्रत्येक दिवस मोलाचा असतो.

यानावर व्हीएक्सवर्क्स ही ऑपरेटिंग सिस्टिम होती. तीत पाळीचा नियम कडक: मोठा अग्रक्रम असलेला तयार झाला की लहानाने तत्क्षणी उठावे. आमच्या गोष्टीत तीन पात्रे आहेत. यानात यंत्रांमध्ये माहिती वाहून नेणारी एक वाट होती, तिला बस म्हणतात (एस.टी.चा येथे संबंध नाही). त्या बसवरून आलेली माहिती वाटून देणारे काम मोठ्या अग्रक्रमाचे. हवामानाची मोजमापे गोळा करणारे काम लहान अग्रक्रमाचे; मंगळावरचा वारा दोन क्षण उशिरा नोंदला तर बिघडत नाही. आणि या दोहोंच्या मध्ये मध्यम अग्रक्रमाची इतर कामे. मोठे व लहान या दोघांना एकच सामायिक वस्तू लागे आणि तिची किल्ली एकच होती. ज्याच्या हाती किल्ली त्याने काम उरकून ती परत ठेवावी, तोवर दुसऱ्याने थांबावे.

एके वेळी हवामानाच्या कामाने किल्ली घेतली. तेवढ्यात मोठे काम आले आणि किल्लीसाठी थांबले. इथपर्यंत सारे ठीक. लहान काम क्षणात संपून किल्ली परत आली असती. परंतु त्याच क्षणी मध्यम कामे जागी झाली. त्यांना किल्लीशी कर्तव्य नव्हते. त्यांनी नियमाप्रमाणे लहानाला उठविले आणि स्वतः बसली. आता लहान काम बसू शकत नाही म्हणून किल्ली सुटत नाही, आणि किल्ली सुटत नाही म्हणून मोठे काम हलत नाही. अर्थात मधल्यांनी मोठ्याला अडविले, तेही एकाही नियमाचा भंग न करता. बसचे वेळापत्रक दर सेकंदाच्या आठव्या हिश्शाला ठरलेले. पुढचे चक्र सुरू करावयास आलेल्या सर्वोच्च कामाने पाहिले, की मागचे चक्र संपलेलेच नाही. त्याने गंभीर बिघाड झाला असे मानून संगणक पुन्हा सुरू करविला.

हा पेच नवा नव्हता. लॅम्पसन व रेडेल यांनी १९८० सालच्या एका लेखात तो वर्णिलेला आहे, आणि शा, राजकुमार व लेहोट्स्की या तिघांनी १९९० साली त्यावरील उपाय गणिताने तपासून मांडला होता. उपाय मोठा शहाणपणाचा आहे. ज्याच्या हाती किल्ली आहे त्याला, तिच्यासाठी थांबलेल्यांपैकी सर्वांत थोराचा अग्रक्रम तेवढ्या वेळेपुरता उसना द्यावयाचा. किल्ली परत केली की उसना मानही परत. याला अग्रक्रमाचा वारसा म्हणतात. व्हीएक्सवर्क्समध्ये ही सोय तयार होती. किल्ली घडविताना एक रकाना भरला की झाले. परंतु ही विशिष्ट किल्ली कार्यक्रम लिहिणाऱ्यांनी स्वतः घडविलेली नव्हती. त्यांनी वापरलेल्या लायब्ररीने ती आतल्या आत घडविली होती आणि तो रकाना कोरा सोडला होता. आपल्या घरात अशी एक किल्ली आहे हेच ज्याला ठाऊक नाही, तो तिचा गुणधर्म विचारणार कसा?

दोष सापडला तो मात्र विचारण्याची सोय शाबूत ठेवल्यामुळे. पॅसडीना येथील जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरीतील मंडळींनी कोणते काम केव्हा बसले, केव्हा उठले याची नोंद ठेवणारा भाग उड्डाणापूर्वी काढून टाकला नव्हता. त्यांनी पृथ्वीवरील हुबेहूब प्रतिरूपावर तीच परिस्थिती उभी केली, बिघाड पुन्हा घडेपर्यंत यंत्र चालू ठेवले आणि नोंदी वाचल्या. मग तो रकाना बदलल्याने इतर कामांवर काय परिणाम होईल याचा कसोशीने विचार करून त्यांनी बदल मंगळाकडे रवाना केला. संदेश पोचावयास दहा मिनिटांहून अधिक लागत. तेथील स्मृतीतील एक लहानशी नोंद बदलली, आणि ही कटकट थांबली. यानाकडून शेवटची माहिती आली ती २७ सप्टेंबर १९९७ रोजी.

मंगळावरून परत वाड्यात येऊ. घागरीची पाळी आणि बिऱ्हाडाची पाळी हा आमचा मूळ प्रश्न लिनक्समध्ये खऱ्या अर्थाने सुटला तो २००८ च्या जानेवारीत. आधीच्या वर्षी इंगो मोल्नार यांचा वजनाप्रमाणे नेमकी वाटणी करणारा नवा शेड्यूलर आला होता; परंतु तोही पाळी देई ती घागरीगणिक. एका कोअरवर एकाचा एक थ्रेड आणि दुसऱ्याचे नऊ असतील, तर पहिल्यास दहावा हिस्सा मिळे. सौजन्य सर्वांचे सारखे, नियम सर्वांना सारखा, आणि तरी ज्याने जास्त थ्रेड काढले त्याची चंगळ. २००८ पासून कंट्रोल ग्रुपला स्वतःचे वजन देता येऊ लागले. आधी गटागटांत वाटणी, मग गटाच्या आत. वर सांगितलेल्या दोघांना आता निम्मेनिम्मे मिळते आणि नऊ थ्रेडवाल्याने आपला निम्मा वाटा घरात नऊ जणांत वाटावा. सध्याच्या दुसऱ्या आवृत्तीत गटाचे वजन १ ते १०,००० असते, न सांगितल्यास १००. आणि ते एका साध्या फाइलीत लिहिलेले असल्यामुळे वाचावयास व बदलावयास वेगळी हाकही लागत नाही. अँड्रॉइडच्या आरंभीच्या आवृत्त्यांत पडद्यावरील कार्यक्रमांच्या गटास १०२४ आणि पडद्यामागील गटास ५२ असे वजन दिलेले होते. फोनवर बोट फिरविताना जो तत्परतेचा भास होतो त्याच्या मुळाशी असा पंक्तिप्रपंच असतो.

मात्र पाळी बिऱ्हाडाला गेली की घागरीवरील जुन्या चिठ्ठ्यांचा अर्थ बदलतो, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. मार्च २०११ च्या लिनक्समध्ये माइक गॅलब्रेथ यांनी लिहिलेली एक सोय आली: प्रत्येक नव्या सेशनचा, उदाहरणार्थ टर्मिनलच्या प्रत्येक खिडकीचा, आपोआप एक गट बनावा. एका खिडकीत कोणी वीस थ्रेडचे जड काम लावले तरी दुसऱ्या खिडकीतील गाणे अडखळू नये, हा हेतू. आणि तो सफळही झाला. परंतु जुन्या सवयीने कोणी त्या जड कामाचे सौजन्य १९ केले, तर ही सोय चालू असताना दुसऱ्या खिडकीस त्याचा काही उपयोग नाही! सौजन्य आता फक्त स्वतःच्या गटातील भावंडांपुरते. आकडा लिहिला, वहीत नोंदला गेला, विचारले तर बरोबर १९ असे उत्तरही येते. तरी वाट्यात फरक नाही, कारण वाटणी वरच्या मजल्यावर होऊन गेलेली असते. तेव्हा थ्रेडला विचारून भागत नाही, त्याच्या गटाला विचारावे लागते. त्यासाठी कर्नेल प्रत्येक प्रोसेसमागे एक छोटी फाइल ठेवते. वाचल्यास गटाचा क्रमांक व गटाचे सौजन्य दिसते, लिहिल्यास गटाचे सौजन्य बदलते.

वजनाखेरीज गटाला आणखी एक गुणधर्म लावता येतो, तो म्हणजे मर्यादा. या दोहोंतील फरक नळावरच समजेल. वजन म्हणजे रांगेतील मान. रांग नसेल तर हवे तितके भरा. मर्यादा म्हणजे पाच घागरी झाल्या की तुम्हांला नळ बंद, मग मागे कोणी नसले आणि पाणी वाहून गेले तरी. भाड्याने संगणक देणाऱ्या मोठ्या कंपन्या मर्यादा वापरतात, कारण त्यांना पैसे घागरी मोजून घ्यावयाचे असतात. नेहमीचा हिशेब १०० मिलिसेकंदांच्या कालखंडाचा असतो. एका कोअरचे भाडे भरले तर दर खंडात १०० मिलिसेकंदांचा वेळ मिळतो.

आता एक कार्यक्रम अशा गटात सुरू होतो. तो सुरुवातीलाच यंत्राला विचारतो, की कोअर किती? यंत्र मोठे आहे. समजा, दहा असे उत्तर येते. कार्यक्रम दहा थ्रेड काढतो. ते दहाही कोअरवर एकदम चालू लागतात आणि १०० मिलिसेकंदांची शिदोरी सर्वांनी मिळून १० मिलिसेकंदांत फस्त होते. उरलेले ९० मिलिसेकंद सारे बिऱ्हाड नळाकडे पाहत उभे. कोणी ग्राहक नेमक्या त्या वेळी काही विचारू लागला, तर त्याला उत्तर मिळावयास सुमारे सेकंदाचा दहावा भाग लागतो. आणि एका विनंतीमागे अशा चार-पाच कार्यक्रमांची साखळी असली की उशिराची बेरीज माणसाला जाणवू लागते. चौकशी करणारा प्रोसेसर पाहतो तो सरासरीने बहुतांश रिकामा! कार्यक्रमाने प्रश्न विचारला होता हे खरे. पण तो वाड्याला विचारला, बिऱ्हाडाला नाही.

गेल्या काही वर्षांत भाषांच्या कर्त्यांनी ही खोड ओळखली आहे. जावा भाषेच्या मार्च २०१८ मधील दहाव्या आवृत्तीपासून तिची व्यवस्था लिनक्सवर सुरू होतानाच आपल्या कंट्रोल ग्रुपची मर्यादा वाचते आणि तेवढ्याच बेताने थ्रेड काढते. गो भाषेत ही समज ऑगस्ट २०२५ मधील १.२५ या आवृत्तीत आली. तिने एकदा विचारून समाधान मानलेले नाही. ती मर्यादा चालू कामात अधूनमधून पुन्हा वाचून पाहते, कारण मधल्या काळात व्यवस्थापकाने ती बदललेली असू शकते.